आम्ही मोडलेली तिसरी पिन

आमच्या घरात एक जुने ग्राइंडर मशीन होते. चार इंची, पुढचा भाग लोखंडी, वापरून वापरून रंग उडालेले. त्याच्या वायरला तीन पिनांचा प्लग होता. त्यातली वरची जाड पिन आम्ही एके दिवशी पकडीने मोडली. कारण साधे होते. ज्या घरी खिडक्यांच्या ग्रिलचे काम चालले होते तिथल्या बोर्डाला दोनच भोके होती, आणि मालक सकाळपासून डोक्यावर उभा होता. पिन मोडायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही. पुढे दोन वर्षे मशीन तसेच चालले. कुणाला काही झाले नाही, म्हणून आम्ही ती गोष्ट विसरूनही गेलो.

आम्ही दोघे भाऊ इंदापूरचे. थोरला फॅब्रिकेशनवर आहे: गेट, ग्रिल, पत्र्याचे शेड, गोठ्याचे अँगल, जे काम येईल ते. धाकटा फरशी बसवतो. आमचे वडील उजनी धरणाच्या कामावर मजूर होते. ते धरण १९८० साली पुरे झाले. वडिलांच्या हातात पहार, घमेले, छिन्नी, हातोडा एवढीच हत्यारे होती. त्यांच्या अंगठ्यावर हातोडा बसलेला आम्ही पाहिला आहे, पण त्या हत्याराचे एक बरे होते. ते किती लागणार हे मारणाऱ्याच्या हातात होते. आमच्या हातातल्या हत्यारांचे तसे नाही. बटण दाबले की मागे सगळी डीपी उभी असते.

आम्हांला हे काम कुणी शिकवले नाही. थोरला एका मिस्त्रीच्या हाताखाली राहून शिकला आणि धाकटा थोरल्याचे बघून. इंदापूर-बारामतीच्या बाजूला आपली कितीतरी पोरे अशीच शिकली आहेत. महामार्गाच्या कडेला वेल्डिंगची दुकाने बघा. पायात चप्पल, डोळ्यांवर बाजारातला दहा-वीस रुपयांचा काळा गॉगल किंवा तोही नाही, आणि मशीनचा गार्ड काढून कुठेतरी खोक्यात टाकलेला. गार्ड काढला की चाक जास्त आत जाते, काम लवकर होते, असे मिस्त्री सांगतो. आम्हीही आमच्या भाच्याला तेच सांगितले.

भाचा म्हणजे आमच्या अक्काचा थोरला मुलगा. बारावीनंतर वर्षभर घरी बसला, तेव्हा अक्काने त्याला आमच्याकडे पाठवला. "तुमच्या हाताखाली चार पैशाचं काम शिकू दे" म्हणाली. पोरगा हुशार, हात चलाख. सहा महिन्यांत चौकट काटकोनात बसवू लागला. आम्हांला त्याचे कौतुक होते.

एप्रिल महिन्यात जयंतीच्या तयारीसाठी विहाराच्या पुढे लोखंडी कमान करायचे ठरले. मजुरी आमची, लोखंड वर्गणीतून. दिवसभर पोटाचे काम आणि संध्याकाळी सहानंतर कमानीचे. चार दिवस असेच चालले. धूळ उडू नये म्हणून बायकांनी अंगणात पाणी मारले होते. भाचा अनवाणी होता, कारण बूट घालून विहाराच्या पायरीवरून ये-जा नको असे त्यालाच वाटले. कमान जमिनीत रोवून उभी होती. त्याने डाव्या हाताने कमानीचा पाइप धरला, उजव्या हाताने ते जुने मशीन उचलले आणि बटण दाबले.

तो ओरडला नाही. बरेच लोक समजतात की शॉक लागला की माणूस ओरडतो. त्याचे तोंड उघडे राहिले आणि हात मशीनला आवळला गेला. थोरला धावला आणि त्याने पोराला खांद्याला धरून ओढले, तर त्यालाही झटका बसून तो मागे पडला. धाकटा "मेन स्विच, मेन स्विच" म्हणून ओरडत होता, पण विहाराचा मेन स्विच कुठे आहे हे आम्हां दोघांनाही माहीत नव्हते. वर्षानुवर्षे त्याच विहारात वायरिंगची, माळांची, माइकची कामे करणारे आम्ही! माहीत होते ते वहिनीला. दर पौर्णिमेला झाडलोट करून शेवटी दिवे मालवणाऱ्या बायकाच असतात. ती आतल्या दाराच्या मागे गेली आणि खटका खाली ओढला. पोरगा मशीनसकट खाली पडला.

श्वास चालू होता. तळहातावर रुपयाएवढे पांढरे भाजल्याचे डाग होते, एका पायाच्या टाचेला तसाच एक. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, रात्रभर ठेवून घेतले. आम्ही म्हणालो, डाग तर लहानच आहे. ते म्हणाले, विजेचे भाजणे वरून दिसते त्यापेक्षा आत जास्त असते, आणि हृदयाचा ठोका नंतरही बिघडू शकतो, म्हणून शॉक लागलेल्या माणसाला 'बरे वाटते' म्हणून घरी नेऊ नये.

अक्का रात्री भिगवणहून आली. पोराजवळ बसली, त्याच्या केसांतून हात फिरवला आणि आम्हांला एवढेच विचारले, "मशीन कुणाचं होतं?"

आम्ही म्हणालो, "जुनं झालं होतं, अक्का."

हे खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वायरमनने ते मशीन खोलले. वायर जिथे मुठीत शिरते तिथे वाकून वाकून तिचे वरचे रबर फाटले होते आणि आतली तार लोखंडी अंगाला टेकली होती. तो म्हणाला, "हे कुठल्याही मशीनला होतं. त्यासाठीच तर तिसरी पिन असते." आणि त्याने प्लग उचलून सगळ्यांसमोर धरला. अक्का तिथेच उभी होती. पकडीने मोडलेल्या पिनेचे बूड चकाकत होते. ती काही बोलली नाही. पोराला घेऊन गेली.

त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही जे शिकलो ते आधी शिकायला हवे होते. वायरमन चांगला माणूस, त्याने वहीत आकृत्या काढून समजावले. ते आम्हांला कळले तसे इथे देतो.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची. तिला जायला एक तार, यायला एक तार. तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, रोजच्या कामात काहीच करत नाही, म्हणूनच ती आपल्याला फालतू वाटते. पण मशीनच्या आतली तार अंगाला टेकली, की करंट या तिसऱ्या तारेने सरळ जमिनीत जातो, एकदम मोठा प्रवाह होतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. तिसरी तार तोडली, तर मशीनचे सगळे अंग जिवंत होऊन वाट बघत बसते. ज्याचा हात लागेल तो माणूस मग अर्थिंग होतो.

आम्ही विचारले, विहारात एमसीबी होती, ती का पडली नाही? यावर त्याने एक हिशेब केला. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण ४३० मिलीअँपिअर करंट घेतो. माणसाच्या अंगातून दहा-पंधरा मिलीअँपिअर गेला की स्नायू आवळतात आणि हातातली वस्तू सोडू म्हटले तरी सुटत नाही. ३० च्या वर गेला आणि काही क्षण राहिला की जिवाला धोका. म्हणजे एका बल्बच्या चौदाव्या हिश्श्यात माणूस जाऊ शकतो. आणि बोर्डातली एमसीबी असते १६ अँपिअरची, म्हणजे १६ हजार मिलीअँपिअर! तिच्या दृष्टीने एक माणूस मरतो आहे ही नोंद घेण्यासारखी गोष्टच नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस मरू नये म्हणून नाही.

माणसासाठी वेगळी वस्तू मिळते. तिला आरसीसीबी म्हणतात, दुकानात काही जण ईएलसीबी म्हणतात. मागताना '३० मिलीअँपिअरची' असे स्पष्ट सांगावे. ती जाणारा करंट आणि परत येणारा करंट सतत तोलत असते. दोन्हींत ३० चा फरक पडला, म्हणजे कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, करंट जमिनीत चालला आहे असे समजून ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडते. तिच्यावर एक लहान बटण असते, त्यावर टी किंवा टेस्ट लिहिलेले. ते दाबले की ती पडली पाहिजे. पडली नाही तर ती मेलेली आहे, बदलावी. एक मात्र लक्षात ठेवावे. दोन हातांनी दोन्ही तारा धरल्या आणि जमिनीकडे काहीच गेले नाही, तर तिलाही कळत नाही. ती आहे म्हणून उघड्या तारेशी खेळू नये.

आम्ही एक लाकडी पेटी केली. तिच्यात आरसीसीबी, दोन तीन-पिनी सॉकेट आणि पंचवीस फूट तीन तारांची जाड रबरी वायर. सगळे मिळून आमची काही दिवसांची मजुरी गेली. कामावर जाताना आता ही पेटी जाते आणि सगळी मशीने तिच्यातूनच चालतात. ज्या घरी तीन पिनांचे चांगले सॉकेट नाही, तिथे आम्ही मालकाला आधी सॉकेट बदलायला सांगतो. एकाने त्यावरून काम दुसऱ्याला दिले. दिले तर दिले.

अर्थिंगचे खरेखोटे बघायलाही शिकलो. नळाच्या पाइपाला तार गुंडाळून 'अर्थिंग केलंय' म्हणणारे पुष्कळ आहेत. पूर्वी नळ लोखंडी होते, आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे पाइप आहेत, त्यातून काहीच जमिनीत जात नाही. आणि जिथे लोखंडी आहेत तिथे शेजारणीला पाणी भरताना शॉक बसतो. अर्थिंगला खड्डा लागतो, त्यात लोखंडी पाइप किंवा तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत होते, तेव्हा त्यात पाणी ओतत राहावे लागते. वस्तीतल्या किती घरांना असा खड्डा आहे हे आम्ही मोजायला निघालो आणि चौथ्या घरी मोजणे सोडून दिले.

काही नव्या मशीनना दोनच पिना असतात. ती वाईट नव्हेत. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर त्याला आतून दुहेरी आवरण आहे, तिसरी पिन लागत नाही. पण तेही ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभे राहून वापरण्यासाठी नाही. आणि वायर सोलून टोके भोकात घालून वर काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या, ही आपल्याकडची पद्धत तर सगळ्यांत घाणेरडी. आम्हीही केली आहे, म्हणून म्हणायचा अधिकार आहे.

एवढे झाले करंटचे. ग्राइंडरच्या चाकाची गोष्ट वेगळी आहे, तिथे वीज नव्हे तर वेग मारतो.

चार इंची मशीन मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेते. थोरल्याने एकदा बसून हिशेब केला. चाकाची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे पळत असते. पुणे-सोलापूर रस्त्यावरची कुठलीही गाडी एवढी पळत नाही. असे चाक फुटले तर त्याचा तुकडा कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसते, आणि मध्ये असतो फक्त गार्ड, तोच आपण खोक्यात टाकलेला. चाकावर किती फेऱ्यांपर्यंत चालेल ते छापलेले असते. मशीनचा आकडा त्यापेक्षा लहानच असला पाहिजे. पाच इंची चाकाचा आकडा चार इंचीपेक्षा कमी असतो, म्हणून गार्ड काढून चार इंची मशीनला पाच इंची चाक लावणे म्हणजे दोन चुका एकदम. चांगल्या चाकाच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर महिना आणि वर्षही कोरलेले असते, त्यानंतर ते वापरू नये. ओल खाल्लेले, पडलेले, कडेला कपचा गेलेले चाक सरळ टाकून द्यावे. नवे चाक बसवले की अर्धा-एक मिनिट तोंडापासून लांब, मोकळे फिरवून बघावे. कापायच्या पातळ चाकाच्या बाजूने घासू नये, ते कडेनेच कापण्यासाठी केलेले असते. आणि लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला कधीच लावू नये. आम्ही एका सुताराचा हात पाहिला आहे. त्याविषयी लिहीत नाही.

चाक पाइपात अडकले की मशीन उसळते. म्हणून बाजूची मूठ लावून दोन्ही हातांनी धरायचे आणि चाकाच्या रेषेत उभे राहायचे नाही, जरा बाजूला. डोळ्यांना बाजूंनीही बंद असा चष्मा. उन्हाचा काळा गॉगल तुकड्याने फुटून स्वतःच डोळ्यात जातो. ठिणग्या कुठे पडतात तेही बघावे. आमच्या भागात उसाचे पाचट, कडब्याची गंज, थिनरचा डबा हे सगळे गोठ्याच्या शेडच्या आसपासच असते. गोठ्यात काम करताना धाकटा आता शेजारी पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले ठेवतो.

आमच्या गल्लीत वालचंदनगरला आयुष्य काढलेले एक निवृत्त फिटर राहतात. आमची गोष्ट कळल्यावर ते आपणहून आले. त्यांनी सांगितलेले एकच वाक्य आम्ही पेटीच्या झाकणावर खडूने लिहिले आहे: "प्लग हातात दिसल्याशिवाय चाकाला पाना लावायचा नाही." बटण बंद आहे हे पुरेसे नाही. बटणाला धक्का लागतो, लाइट गेलेली येते. लाइट गेली तेव्हा मशीनचे बटण चालूच राहिले आणि अर्ध्या तासाने ते आपोआप जमिनीवर नाचू लागले, हे आमच्यासमोर घडले आहे.

ड्रिलविषयी दोनच गोष्टी. हातमोजा, लांब बाही, ओढणी, गळ्यातला रुमाल हे फिरत्या बिटापासून दूर. ग्राइंडरला हातमोजा ठीक, ड्रिलला नको, कारण बिट त्याचा धागा पकडून बोटासकट गुंडाळते. आणि भिंतीत भोक पाडताना बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ बाजूला पाडू नये, आतल्या वायरी बहुतेक त्याच रेषेत गेलेल्या असतात. टेस्टर पेटला नाही म्हणजे तिथे करंट नाही, यावरही फार भरवसा ठेवू नये.

धाकट्याच्या फरशीच्या कामात एक पेच आहे तो अजून पुरता सुटलेला नाही. फरशी किंवा ग्रॅनाइट कोरडे कापले की पांढरी धूळ उठते. त्यात सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि पुन्हा निघत नाही. सिलिकोसिस झाला की तो बरा करणारे औषध नाही, आणि अशा माणसाला टीबीही लवकर धरतो. म्हणून पाणी सोडत कापावे. पण पाणी आणि विजेचे मशीन एकत्र आले की पहिली भीती उभी राहते. आरसीसीबीच्या पेटीशिवाय ओले कापायचे नाही आणि मास्कशिवाय कोरडे कापायचे नाही, असा आमचा आता नियम आहे. मास्क म्हणजे तोंडाला बांधलेला रुमाल नव्हे. मुकादम म्हणतो, "एवढं सगळं घालत बसलास तर फरशी कधी बसायची?" उक्त्या कामात प्रत्येक मिनिट आपल्याच खिशातून जाते हे खरे आहे. म्हणूनच हे सगळे माहीत असूनही होत नाही.

इथे बाबासाहेबांची आठवण काढणे आम्हांला योग्य वाटते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. विजेचा कारभारही त्याच खात्याकडे होता, ही गोष्ट आमच्यापैकी अनेकांना माहीत नसते. १९४३ साली विजेच्या धोरण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. दारिद्र्यातून सुटायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांना स्वस्त व मुबलक वीज हवी, असा विचार त्यांनी तिथे मांडला. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. आणि ज्या खात्याने विजेचा विचार केला त्याच खात्याने कामगाराच्या तासांचाही केला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. आम्ही कारखान्यात नाही, उक्त्यावर आहोत, आम्हांला तास मोजणारा कुणी नाही. पण भाच्याला शॉक लागला तो संध्याकाळी साडेसातला, सकाळी आठपासून उभा असलेल्या पोराला. पहिल्या दिवशी ताज्या डोक्याने त्याने ओल्या अंगणात अनवाणी मशीन उचलले असते काय, याचा विचार आम्ही अनेकदा केला आहे.

जयंतीचा विषय निघाला म्हणून आणखी एक. २०२३ च्या एप्रिलमध्ये विरारच्या कारगिल नगर भागात जयंतीच्या मिरवणुकीतून परतणाऱ्या गाडीवरचा लोखंडी दांडा ट्रान्सफॉर्मरला लागला. दोन जण गेले, काही जण भाजले. रस्त्यावरून जाणाऱ्या मोठ्या लाइनमध्ये ११ हजार व्होल्ट असतात. तिथे चप्पल, हातमोजे, लाकडी काठी, आमची पेटी, कशाचाच उपयोग नाही. तारेला प्रत्यक्ष टेकायचीही गरज नसते, फार जवळ गेले तरी झेप येते. आम्ही आता कमान आणि झेंड्याच्या काठ्या करताना उंची आधी ठरवतो, मिरवणुकीच्या रस्त्याने पायी चालून तारा बघतो, आणि झेंड्याला लोखंडी पाइपाऐवजी कोरडा बांबू वापरतो. मंडळातल्या काही पोरांना बांबू शोभत नाही असे वाटते.

घरातल्या भगिनींसाठीही लिहिले पाहिजे, कारण आमच्या भागात विजेचे सर्वांत धोक्याचे यंत्र बहुधा बायकाच चालवतात. ते म्हणजे कडबा कुट्टी. एक-दोन गाई असलेल्या घरातही आता मोटरची कुट्टी असते. वैरण आत घालताना हात तिच्याबरोबर ओढला जातो, पदर पट्ट्यात सापडतो, वेणी सापडते. पदर खोचून, केस बांधून, बांगड्या मागे सारूनच उभे राहावे. शेवटची मूठ हाताने ढकलू नये, दुसऱ्या वैरणीने किंवा काठीने ढकलावी. अडकले तर आधी खटका बंद, मग हात. पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली असेल तर घरच्या पुरुषाला ती बसवल्याशिवाय चहा देऊ नये! मळणी यंत्रात इतके हात गेले की १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागला. गोठ्याची जमीन ओली असते, म्हणून मोटरच्या अंगाला अर्थिंग हवेच. आणि जनावराचे ऐकावे. गाय एकाएकी लोखंडी दावणीपाशी जाईना, हौदाला तोंड लावीना, तर ती आजारी आहे असे समजण्याआधी करंट उतरतो का ते वायरमनला दाखवावे. माणसाला नुसती मुंगी चावल्यासारखे वाटते तेवढ्यात जनावर दगावते.

कुणी चिकटलाच तर त्याला हात लावायचा नाही. आमच्या थोरल्याने लावला, नशिबाने वाचला. आधी मेन स्विच. तो सापडत नसेल तर प्लग ओढा, तेही नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. हे घरातल्या विजेपुरते. मोठ्या लाइनच्या जवळ तर जायचेच नाही, वीज मंडळाला कळवायचे. माणूस सुटल्यावर श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागा. दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. तोंडात पाणी घालू नये, मातीत पुरू नये. आमच्या विहारात आता मेन स्विचवर लाल रंग आहे आणि तो कुठे आहे हे पोरासोरांना पाठ आहे.

जे बांधकामावर आहेत त्यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव जरूर घालावे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. फरशीवाले, वेल्डर, वायरमन, सगळे त्यात येतात. मंडळाकडून सुरक्षेच्या साहित्याची पेटीही मिळते. ती माळ्यावर ठेवण्यासाठी नाही. नाव घालून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या मागे लागू नये. कामावरच्या अपघाताला भरपाई मागण्याचा हक्क या देशात १९२३ पासून कायद्यात आहे, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. पण आमच्या भाच्याच्या बाबतीत मालक कोण होता? आम्हीच. दवाखान्याचे बिल आम्ही भरले, ती भरपाई नव्हती.

अक्काला खरे सांगायला आम्हांला पाच महिने लागले. तिला ते माहीतच होते, प्लग तिने पाहिला होता. पण आम्ही तोंडाने म्हणालो नव्हतो. शेवटी दोघे मिळून भिगवणला गेलो. थोरला म्हणाला, "अक्का, पिन आम्ही मोडली होती. पोराला अनवाणी उभं केलं तेही आम्हीच. गार्ड काढायलाही आम्हीच शिकवलं." तिने भाकरी थापणे थांबवले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी त्याला तुमच्याकडं पाठवलं होतं, मशीनकडं नाही." आम्ही जेवून परत आलो.

दिवाळीच्या सुटीनंतर पोरगा स्वतःच आला. तळहातावरची कातडी अजून जरा गुळगुळीत आहे, थंडीत तिथे दुखते म्हणतो. आयटीआयचा अर्ज भरणार आहे, वायरमनचा. तोवर आमच्याबरोबर आहे. आल्या दिवशी त्याने खोक्यातून गार्ड काढला, मशीनला बसवला आणि थोरल्याकडे बघितले. थोरला काही बोलला नाही. जुने मशीन आम्ही भंगारात दिले. त्याआधी वायर तोडून ठेवली, नाहीतर कुणीतरी तेच पुन्हा जोडून वापरले असते. प्लग मात्र भंगारात दिला नाही. वहिनीने तो पेटीच्या आत खिळ्याला टांगला आहे.

अक्काचा फोन रोज सकाळी आठच्या सुमारास येतो. पोराशी बोलायच्या आधी ती आम्हांला विचारते, "पेटीचं बटण दाबून बघितलं का?" बघितले नसेल तर फोन चालू ठेवूनच बघावे लागते. खटका पडल्याचा आवाज तिला फोनमधून ऐकू जातो, मग ती म्हणते, "हं, द्या आता त्याच्याकडं."